चायनीज हर्बल मेडिसिनचा कोर्स करून डोंबिवलीत दवाखाना उघडता येतो का?

'घरबसल्या चायनीज हर्बल मेडिसिन शिका' अशी जाहिरात रीलमध्ये दिसली, तर फी भरण्याआधी हे वाचा.

शिकायला कोणाची ना नाही. पण नुसत्या त्या सर्टिफिकेटवर ठाणे किंवा कल्याण-डोंबिवलीत रुग्णांना औषध देता येणार नाही. आपल्याकडे आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी अशा पद्धतींना मान्यता आहे, चिनी वनौषधींना नाही. आणि नोंदणीशिवाय वैद्यकीय व्यवसाय करणं हा महाराष्ट्रात १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे.

गोंधळ होतो तो ॲक्युपंक्चरमुळे. तेही चिनीच, आणि त्यासाठी राज्याचा २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. पण तो सुयांपुरता. पुड्या आणि काढ्यांसाठी नाही.

'झाडपालाच तर आहे, त्याने काय होणार?' असं वाटत असेल तर ब्रसेल्सचं प्रकरण बघा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या एका क्लिनिकने वजन कमी करण्यासाठी चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या. 'फांग जी' या मिळत्याजुळत्या नावामुळे एका वनस्पतीऐवजी दुसरीच, विषारी ॲरिस्टोलोकिया, त्यात आली. शंभरहून जास्त जणांच्या किडन्या खराब झाल्या, बहुतेक बायका. काहींना पुढे कॅन्सरही झाला. चीनमध्ये या विषयाची पदवी साधारण पाच वर्षांची असते, ती उगाच नाही.

वनौषधींचीच ओढ असेल तर नीट देऊन बीएएमएस करा: साडेचार वर्षं, वर एक वर्ष इंटर्नशिप. रस्ता लांबचा आहे, मान्य. सुयाच शिकायच्या असतील तर संस्थेला विचारा, या कोर्सवर राज्याच्या ॲक्युपंक्चर परिषदेत नोंदणी होते का? उत्तर लेखी मागा.