मोबाईलमधून सोनं काढायची रील बघितलीत? ॲसिडची बाटली उघडण्याआधी हे वाचा

जुन्या मोबाईलचे बोर्ड, प्लास्टिकची बादली, त्यात ॲसिड. तपकिरी धूर निघतो आणि शेवटी हातावर सोन्याचा चकचकीत मणी. सगळं तीस सेकंदांत. २०२५ मध्ये सोन्याने तोळ्याला एक लाखाचा टप्पा ओलांडल्यावर अशी रील बघून कुणाच्याही मनात येईल, आपल्या घरातही चार जुने फोन पडलेत की!

खरंच सोनं निघतं का?

निघतं. टोकियो ऑलिंपिकची पदकं जुन्या उपकरणांतल्या धातूपासूनच बनवली होती. त्यासाठी जपानने सुमारे ७९ हजार टन उपकरणं जमवली, त्यात ६२ लाख मोबाईल होते. एवढ्यातून सोनं मिळालं साधारण ३२ किलो.

एका मोबाईलमध्ये अंदाजे ३०-३५ मिलिग्रॅम सोनं धरतात. लाखाच्या भावाने त्याचे होतात साडेतीनशे रुपयांच्या आसपास, आणि तेही एक कणसुद्धा वाया गेला नाही तर.

मग वाया कुठे जातं?

सोनं एकट्या नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळत नाही, एकट्या हायड्रोक्लोरिकमध्येही नाही. दोन्ही एकत्र केली की विरघळतं. या मिश्रणाला अम्लराज म्हणतात. नवखा माणूस अख्खा बोर्डच त्यात टाकतो आणि तिथेच फसतो.

बोर्डवर सोन्यापेक्षा तांबं आणि कथील कितीतरी जास्त असतं. ॲसिड आधी त्यांच्यावरच खर्च होतं. विरघळलेलं थोडं सोनं उरलेल्या तांब्यावर परत जाऊन बसतं. कथिलाचा चिकट गाळ होतो, तो गाळता गाळला जात नाही. शेवटी हिरवं पाणी उरतं आणि सोनं कुठे गेलं तेच कळत नाही.

खरी भीती धुराची

तो तपकिरी धूर म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. तो छातीत गेल्यावर थोडा खोकला येतो, मोकळ्या हवेत बरं वाटतं आणि माणूस झोपायला जातो. पण काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू शकतं आणि जीवही जाऊ शकतो. कापडी मास्क इथे काहीच कामाचा नाही. असा धूर छातीत गेला असेल तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात जा आणि काय हुंगलं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

सोनं विरघळलेल्या पाण्यात अमोनिया पडला तर स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो, हेही रीलमध्ये कुणी सांगत नाही.

ज्यांना येतं ते काय करतात?

सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर भागातले गलाईवाले देशभरातल्या सराफ बाजारांत हेच काम करतात. गलाईची एक जुनी पद्धत ऐकून नवल वाटेल. अशुद्ध सोन्यात आधी मुद्दाम चांदी वितळवून मिसळतात, सोनं साधारण चौथा हिस्सा राहील इतकी. कारण सोनं जास्त असेल तर आतली चांदी आणि तांबं झाकलं जातं, नायट्रिक तिथपर्यंत पोचतच नाही. म्हणजे ॲसिडला हात लावण्याआधी मालात काय आणि किती आहे, हे माहीत असावं लागतं. ही नजर उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षं काढून येते. आणि एवढं करून धुराचा त्रास त्यांनाही चुकलेला नाही.

कायदा काय म्हणतो?

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार या कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्याची नोंदणी लागते. ॲसिडच्या खुल्या विक्रीवरही सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निर्बंध घातले. उरलेलं पाणी मोरीत ओतलं तर त्यातलं तांबं आणि शिसं नाल्यात जातं, पुढे कुणाच्या तरी विहिरीत.

त्यामुळे शिकायचंच असेल तर सुरुवात वही-पेनाने करा आणि तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. या मालात कोणकोणते धातू आहेत? ॲसिड टाकल्यावर कोणता वायू निघेल? उरलेल्या पाण्याचं काय करणार? एकाचंही उत्तर अडलं, तर बाटली बंदच ठेवा आणि जुने फोन नोंदणीकृत रिसायकलरकडे द्या.