आधी काट्याचा पासंग पाहा!



आपल्या वस्तीतली एखादी मायमाउली रेशन दुकानावर जाते, तेव्हा धान्याआधी ती काट्याकडे पाहते. रिकामी पारडी वरखाली दिसली, की "भाऊ, आधी पासंग काढा," असे ठणकावून सांगते. शिक्का मारलेले वजन टाकून काटा तपासायला लावते. किरणोत्सर्ग मोजणाऱ्या मोठमोठ्या यंत्रांनाही हाच न्याय लागतो, असे सांगितले तर नवल वाटेल. परंतु ते खरे आहे, आणि त्याचा संबंध थेट कष्टकऱ्यांच्या जिवाशी आहे.

एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात काय घडले? विद्यापीठाच्या लिलावातून आलेले एक जुने गॅमा यंत्र तेथे तोडले गेले. आतले किरणोत्सारी कोबाल्ट-६० बाहेर पडले. कामगार आजारी पडले आणि त्यांतील एक दगावला. त्या बिचाऱ्यांच्या दृष्टीने ती केवळ चार पैसे देणारी धातू होती.

किरणोत्सर्गाला रंग नाही, वास नाही. साधा मीटर एवढेच सांगतो, की येथे काहीतरी आहे. पण ते काय आहे? हा प्रश्न महत्त्वाचा, कारण उपाय त्यावर ठरतो. आयोडीनच्या गोळ्या केवळ किरणोत्सारी आयोडीनपासून गळ्यातील थायरॉईड ग्रंथीचे रक्षण करतात. पोटात सिझियम गेले असेल तर त्या कुचकामी, तेथे प्रशियन ब्लू नावाचे औषध लागते. नाव चुकले की उपचार चुकला!

हे नाव वर्णपट दाखवणारे यंत्र सांगते. त्यातील सोडियम आयोडाइडच्या स्फटिकावर गॅमा किरण पडला, की बारीक प्रकाश चमकतो. त्या प्रकाशाचे विजेच्या ठोक्यात रूपांतर होते. जेवढी ऊर्जा जास्त, तेवढा ठोका मोठा. यंत्र हे ठोके आकारानुसार १०२४ कप्प्यांत टाकते. आम्ही कारकून मंडळी आलेली पत्रे खातेवार कप्प्यांत लावतो, तसेच हे काम. ज्या कप्प्याजवळ गर्दी होते, तेथे शिखर उभे राहते.

पण यंत्राला फक्त कप्प्याचा क्रमांक कळतो, ऊर्जा कळत नाही. म्हणून ओळखीचे पदार्थ समोर ठेवतात. हीच ती शिक्क्याची वजने! सिझियम-१३७ चा किरण ६६२ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टचा, तर कोबाल्ट-६० चे किरण ११७३ आणि १३३२ चे. समजा, ६६२ चे शिखर २६० व्या कप्प्यात आले आणि १३३२ चे ५२८ व्या. म्हणजे २६८ कप्प्यांत ६७० ऊर्जा, दर कप्प्याला अडीच. २६० गुणिले अडीच म्हणजे ६५०; वरचे १२ हा यंत्राचा पासंग. हिशेब जुळला की नाही, हे तिसऱ्या खुणेवरून ताडून पाहावे. ११७३ चे शिखर ४६४ व्या कप्प्याजवळ यायला हवे. तसे आले, तर पट्टी बरोबर बसली. यालाच ऊर्जेचे कॅलिब्रेशन म्हणतात.

एकदा बसवली म्हणून पट्टी कायमची बसत नाही. सकाळच्या गारव्यात लावलेली पट्टी दुपारच्या उन्हात घसरते, विजेचा दाब बदलला तरी घसरते. मातीत निसर्गतःच असणाऱ्या बिस्मथ-२१४ चा किरण ६०९ चा आहे. पट्टी घसरली, तर तो ६६२ जवळ दिसून साध्या मातीत सिझियम सापडल्याची हाकाटी होईल. उलट, खरे सिझियमही माती म्हणून सुटून जाईल! म्हणून जाणकार माणूस मोजणीआधी आणि नंतरही ओळखीचा पदार्थ ठेवून पाहतो. ही पट्टी मात्र 'कोण' एवढेच सांगते. 'किती' यासाठी वेगळी तपासणी करावी लागते.

यातून आपण काय घ्यावे? आकडा यंत्राने दिला म्हणून तो खरा, असे समजू नये. "काटा कधी तपासला?" हे विचारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. आणि भंगाराचे काम करणाऱ्या आमच्या बांधवांना एक कळकळीची विनंती. तीन पात्यांच्या पंख्यासारखे चिन्ह असलेली किंवा आकाराच्या मानाने फार जड अशी शिशाची बंद पेटी दिसली, तर ती फोडू नका. दूर व्हा, इतरांनाही दूर करा आणि पोलिसांना कळवा. चार पैसे पुन्हा मिळतील, गेलेला जीव मिळत नाही.