कांद्याचा भाव आणि राष्ट्राची पत

२०१९ सालच्या ऑक्टोबरात बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लीस आल्या असता, व्यापारी व उद्योजक यांच्या सभेत त्यांनी एक लहानशी तक्रार केली. भारताने एकाएकी कांद्याची निर्यात थांबविल्यामुळे आमची अडचण झाली, मी माझ्या स्वयंपाक्यालाही कांद्यावाचून स्वयंपाक करावयास सांगितले आहे, पुन्हा असे काही करावयाचे झाल्यास थोडे आधी कळवीत जा, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. सूर विनोदाचा होता. परंतु शेजारच्या राष्ट्राच्या पंतप्रधानांना आपल्या राजधानीत येऊन कांद्याविषयी बोलावे लागावे, यात हसण्यासारखे थोडे आणि विचार करण्यासारखे पुष्कळ होते.

तो विचार झाला नाही. पुढच्याच वर्षी, १४ सप्टेंबर २०२० रोजी, पुन्हा तशीच अकस्मात बंदी आली. बांगलादेशाकडे निघालेल्या मालमोटारी सरहद्दीवर अडकून पडल्या आणि ढाक्याच्या परराष्ट्रखात्याने पत्र लिहून तीव्र चिंता व्यक्त केली. २०२३ च्या ऑगस्टात कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसले; ऑक्टोबरात टनामागे ८०० डॉलर हे किमान निर्यातमूल्य ठरले; ८ डिसेंबरला संपूर्ण बंदी आली. २०२४ च्या मेमध्ये बंदी उठली, पण शुल्क पुन्हा लागू झाले आणि त्याच्या जोडीला ५५० डॉलरांचे किमान मूल्य आले. सप्टेंबरात ते मूल्य गेले व शुल्क निम्मे झाले. १ एप्रिल २०२५ पासून उरलेले शुल्कही उठले. वीस महिन्यांच्या आत एका जिनसेच्या धोरणाने इतक्या कोलांट्या घेतल्या. ज्याला पाच वर्षांचा सोडा, पाच महिन्यांचा सौदा करावयाचा आहे, त्याने अशा पेढीच्या शब्दावर कसे विसंबावे?

आमच्या मते प्रश्न कांद्याचा नसून शब्दाचा आहे. राष्ट्राराष्ट्रांमधील व्यापार म्हणजे केवळ मालाची देवघेव नव्हे. जो देश आपले अन्न दुसऱ्याकडून घेतो, तो आपल्या स्वयंपाकघराची एक किल्ली त्याच्या हाती देत असतो. ती कशी वापरली जाते यावरून त्या देशातील सामान्य माणूस विकणाऱ्याची पारख करतो. वकिलातींतील मेजवान्या आणि संयुक्त निवेदने यांच्याशी त्याला कर्तव्य नसते. या दृष्टीने पाहता व्यापारखात्याची एक अधिसूचना परराष्ट्रखात्याच्या वर्षभराच्या श्रमांवर पाणी ओतू शकते. बंदीच्या काळात काही मित्रराष्ट्रांना सरकारी मार्गाने ठराविक कांदा देण्याची सवलत ठेवण्यात आली होती, हे खरे. पण रोख पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला याचक करून मग त्याच्यावर मेहेरबानी केल्याने मैत्री वाढत नाही.

गिऱ्हाईक एकदा बिथरले म्हणजे काय होते, याचा धडा इतिहासात आहे. १९७३ च्या जूनमध्ये, देशातील भाववाढ आवरण्यासाठी, अमेरिकेच्या निक्सन सरकारने सोयाबीनची निर्यात रोखली. ती बंदी फार काळ टिकली नाही. पण सोयाबीनसाठी मुख्यतः अमेरिकेवर विसंबलेल्या जपानने त्यातून घ्यावयाचा तो बोध घेतला. जपानने ब्राझिलातील सेऱ्हादो या माळरानाच्या प्रदेशात शेतीच्या विकासासाठी भांडवल व साह्य दिले. आज जगात सर्वाधिक सोयाबीन निर्यात करणारा देश ब्राझील आहे. याचे सारे श्रेय त्या एका बंदीला देणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु काही महिन्यांच्या स्वस्ताईसाठी अमेरिकेने आपल्या प्रतिस्पर्ध्याला हात दिला, हे नाकारता येणार नाही. बांगलादेशानेही निराळे काय केले? त्याने पाकिस्तान, इजिप्त, तुर्कस्तान, चीन येथून कांदा मागविला. २०१९ मध्ये तर विमानाने आणविला. आणि आपल्या शेतकऱ्यांना लागवडीचे उत्तेजन दिले. लासलगावचे गिऱ्हाईक अशा रीतीने दिल्लीतून परत पाठविले गेले.

त्या लासलगावकडेही पाहिले पाहिजे. उन्हाळ कांदा काढून तो चाळीत भरणारा निफाड-येवल्याचा शेतकरी एक प्रकारचा जुगार खेळत असतो. साठविलेला कांदा सुकून वजनात घटतो, काही सडतो. हे नुकसान पावसाळ्यानंतरच्या चढ्या भावात भरून निघेल, या आशेवर तो थांबतो. नेमका भाव चढू लागला की निर्यातीचे दार बंद होते. भाव कोसळतो तेव्हा मात्र त्याच्या मदतीस धावून येणारी तितकी तत्पर अधिसूचना आमच्या पाहण्यात नाही. २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांमध्ये लिलाव बंद पडले ते काही केवळ हट्टापायी नव्हे. चढ सरकारची आणि उतार शेतकऱ्याचा, अशी वाटणी न्यायाची नाही.

या वाटणीचा दोष एकट्या सरकारच्या माथी मारणे सोपे आहे. पण भाव वाढला की पहिला ओरडा कोठून उठतो? तो शहरांतून उठतो. आमच्या वाचकांच्या घरांतून उठतो आणि आमच्यासारख्या पत्रांच्या रकान्यांतून त्याचा घोष होतो. १९८० ची लोकसभेची आणि १९९८ ची दिल्ली विधानसभेची निवडणूक यांत कांद्याच्या भावाचा केवढा गाजावाजा झाला, हे कोणताही पक्ष विसरलेला नाही. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या महिन्याच्या खर्चात कांद्याचा वाटा तो किती! ज्याच्या हातावर पोट आहे त्याला दहा-वीस रुपयांची वाढही जाचते, आणि त्याची चिंता सरकारने वाहिलीच पाहिजे. पण त्याच्या नावाने केलेल्या ओरडीचा लाभ ज्यांना सहज परवडते त्यांनीच अधिक घ्यावा, हे आम्हां सुशिक्षितांना शोभत नाही.

शिवाय आपल्याला स्वानुभवाची आठवण असावयास हवी. १९६५-६६ च्या अवर्षणात अमेरिकेच्या गव्हाची जहाजे येतील तेव्हाच आपल्या शिधावाटपाच्या दुकानांत धान्य पोचत होते. आणि अध्यक्ष जॉन्सन ती जहाजे हात आखडून सोडीत होते. आपले कृषिधोरण बदलावे हा त्यांचा एक हेतू होता, व्हिएतनामच्या युद्धावरील आपली टीका त्यांना रुचली नव्हती हेही एक कारण होते. तो अपमान गिळून आपण हरितक्रांती घडविली. १९७४ साली बांगलादेशाने क्यूबाला तागाची पोती विकली म्हणून त्याची धान्याची मदत अडविली गेली, आणि त्याच वर्षी तेथे दुष्काळाने असंख्य माणसे मेली. अगदी अलीकडे, २०२५ च्या ऑगस्टात, रशियाचे तेल घेतल्याबद्दल अमेरिकेने आपल्या मालावरील जकात ५० टक्क्यांवर नेली, तेव्हा आपण त्यास अन्याय म्हटले, आणि ते योग्यच होते. कांदा म्हणजे गहू नव्हे आणि आपला हेतू शेजाऱ्याला वाकविण्याचा नव्हता, हा भेद आम्ही मानतो. परंतु दार एकाएकी लावून घेतल्यावर बाहेर उभ्या असलेल्यास आतल्याचा हेतू दिसत नसतो.

आपल्या प्रजेची चिंता सरकारने आधी करावी, याविषयी दुमत नाही. जागतिक व्यापाराचे नियमही अन्नाची तीव्र टंचाई असता तात्पुरत्या निर्यातबंदीस मुभा देतात. मात्र बंदी घालणाऱ्याने घेणाऱ्या देशाच्या अन्नसुरक्षेचा विचार करावा आणि शक्य तितकी आगाऊ सूचना द्यावी, अशीही त्यांची अपेक्षा आहे. ती पुरी करणे अशक्य नाही. बंदी हे पहिले नव्हे, शेवटचे शस्त्र असावे. ज्या सौद्यांचे कागद झाले आहेत आणि जो माल वाटेला लागला आहे, तो कोणत्याही अधिसूचनेने अडवू नये. नित्याच्या शेजारी गिऱ्हाइकांना वर्षाकाठी ठराविक प्रमाणाची हमी द्यावी. सरकारी राखीव साठा २०२३ मध्ये ५ लाख टनांपर्यंत वाढविण्याचे ठरले होते; तो वेळेवर आणि रास्त भावाने खरेदी करून टंचाईच्या दिवसांत गरिबांपर्यंत पोचवावा, म्हणजे निर्यातीच्या दारास हात लावण्याची पाळी क्वचित येईल.

हे सारे भाव चढल्यावर ठरविता येत नाही. त्या वेळी सरकार निवडणुकीकडे पाहते, शहर बाजाराकडे पाहते आणि शेतकऱ्याकडे व शेजाऱ्याकडे पाहणारा कोणी उरत नाही. म्हणून बाजार शांत असतानाच हे नियम लिहून ठेवले पाहिजेत. चार महिन्यांचा कांदा महाग झाला तर पुढच्या हंगामात तो पुन्हा स्वस्त होतो. गेलेली पत मात्र हंगामाच्या हिशेबाने परत येत नाही.