चार सुरांसाठी एक वर्ष

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मी ‘स्मोक ऑन द वॉटर’ची सुरुवात गिटारवर वाजवली. पुढच्या रांगांतून टाळ्या पडल्या आणि बाजूला उभे असलेले एक सर म्हणाले, “काय हा गोंगाट!” तेव्हा राग आला होता. आज कबूल करतो, सरांचे बरोबर होते. मात्र गोंगाट माझा होता, त्या रचनेचा नव्हे; आणि आपल्याकडे हार्ड रॉक शिकणारे बहुतेकजण हीच चूक करतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

डीप पर्पल या इंग्लंडच्या बँडने ही रचना डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्र येथे ध्वनिमुद्रित केली. तिच्यात पुन:पुन्हा येणारी छोटी सुरावट, म्हणजेच रिफ, अवघ्या चार स्वरांची. प्रत्येक स्वराखाली जोडीचा आणखी एक स्वर. खालचा षड्ज मानला तर वरचा मध्यम. आम्ही नवशिके हमखास षड्ज-पंचमाची जोडी धरतो आणि प्लेक्ट्रमने खरडतो. रिची ब्लॅकमोर मात्र प्लेक्ट्रम न वापरता शेजारच्या दोन्ही तारा बोटांनी एकदमच छेडतो. प्लेक्ट्रमने एक तार किंचित आधी वाजते, दुसरी मागाहून. फरक केसाएवढा, पण तो ऐकू यायला मला सहा महिने लागले!

दुसरी चूक डिस्टॉर्शनचे बटण शेवटपर्यंत पिळण्याची. अँप्लिफायरला झेपणार नाही इतका जोर दिला की ध्वनिलहरींची टोके कापली जातात आणि मूळ स्वरात नसलेले स्वरांश त्यात मिसळतात. रॉकचा तो खरखरीत गोडवा इथूनच येतो. पण प्रमाण सुटले की सगळा चिखल. एसी/डीसी बँडची १९८० ची ‘बॅक इन ब्लॅक’ ऐकावी. आपल्याला वाटते त्याहून तिथे डिस्टॉर्शन पुष्कळच कमी आहे. दोन आघातांमधली शांतता हाच त्या रिफचा प्राण. बटण पिळलेत की ती जागा घरघरीने भरून जाते.

हे श्रीमंतांच्या पोरांचे संगीत, असेही कोणी म्हणतात. ब्लॅक सबाथचा टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामगार होता. सतराव्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हात तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, बारीक तारा लावल्या, पुढे त्या सैल करून स्वर खाली उतरवला. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’तल्या काही रचना तर तीन अर्धस्वर खाली आहेत. तो भारदस्त नाद कुठल्या दुकानात विकत मिळत नाही.

माझे वडील प्रेस मशीनवर काम करतात. गिटारचे खूळ त्यांना पसंत नाही. एका रात्री जेवताना त्यांना आयोमीची हकीकत सांगितली. त्यांनी घास थांबवून विचारले, “मशीनला गार्ड नव्हतं का?” मला माहीत नव्हते. थोड्या वेळाने हात धुऊन आले नि म्हणाले, “वाजव बघू त्याचं काहीतरी. पण हळू.”

मी बटण खाली आणले आणि वाजवले.