गावाचा हिशेब कोण वाचतं?

तुमच्या गावची शेवटची ग्रामसभा कधी झाली, सांगता येईल? आमच्या मास कॉमच्या वर्गात हा प्रश्न निघाला तेव्हा बहुतेकांनी एकमेकांकडे बघितलं. मात्र आदल्या दिवशी दिल्लीत कुठल्या नेत्याने कुणाला टोला लगावला, ते सगळ्यांना तोंडपाठ होतं. नगर शहरात राहणाऱ्यांनी (कागदावर अहिल्यानगर झालं तरी तोंडात नगरच येतं) हाच प्रश्न महापालिकेच्या बजेटबद्दल स्वतःला विचारून बघा.

कॉलेजात अर्थशास्त्र एका इमारतीत, पत्रकारिता दुसरीकडे आणि लोकप्रशासन म्हणजे स्पर्धा परीक्षेवाल्यांचा विषय. गावात मात्र हे तिन्ही एकाच पारावर बसलेले असतात.

नगर तालुक्यातलं हिवरे बाजार घ्या. ‘आदर्श गाव’ म्हटलं की तुम्हाला जांभई येते, माहितीय. शाळेची सहल, फलक, भाषण. ते सगळं बाजूला ठेवा आणि फक्त पाण्याचा ताळेबंद बघा. पाऊस सरासरी 400 मिलिमीटरच्या आसपास. पावसाळा संपला की किती पडला, विहिरींची पातळी काय, याचा हिशेब मांडला जातो. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं. उरलेल्यात रब्बीला कोणतं पीक घ्यायचं, ते ग्रामसभेत ठरतं. ऊस नाही, केळी नाही, शेतीसाठी बोअर नाही. 1989 मध्ये सरपंच झालेले पोपटराव पवार एमकॉम आहेत, हा मला योगायोग वाटत नाही. त्यांना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा बातम्या भरपूर आल्या, पण त्या माणसाच्या होत्या. ताळेबंदावर फार कमी लिहिलं गेलं.

खरी गंमत तर त्या ताळेबंदातच आहे. बोअरबंदीचा हुकूम नुसता वरून आला असता, तर रात्रीतून बोअरच्या गाड्या गावात शिरल्या असत्या. इथे नियम टिकला, कारण आकडा सगळ्यांसमोर वाचला गेला. शेजाऱ्याला किती पाणी मिळणार हे मला माहीत आहे आणि मला किती मिळणार हे त्याला. अशा वेळी चोरी करणं अवघड जातं.

आता जिल्ह्याच्या उत्तरेला या. प्रवरेच्या काठी, लोणीला, विठ्ठलराव विखे पाटील यांनी 1950 च्या सुमारास शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना उभा केला. पहिले अध्यक्ष कोण? पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. शेतकरी आणि अर्थतज्ज्ञ एका टेबलावर बसले, आणि पुढे सहकारातून शाळा-कॉलेजं, दवाखाने उभे राहिले. तुमच्यातले कितीतरी जण आज अशाच कॉलेजात शिकताहेत. पण त्याच साखरेतून आमदार-खासदारही घडले. कारखाना ज्याच्या हातात, तालुका त्याच्या हातात, असं होत गेलं. आणि ऊस पाणी पितो, ते वेगळंच. टंचाईच्या वर्षी वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की मोर्चे निघतात, प्रकरण कोर्टात जातं, आणि ‘पाणी पेटलं’ असा मथळा ठरलेला असतो. कोणत्या पिकाला किती पाणी गेलं, याचा तक्ता त्या मथळ्याखाली तुम्ही कधी पाहिलात? मी शोधतेय. नेत्यांच्या वाढदिवसाच्या जाहिरातींवर पेपर चालतात, हे इंटर्नशिपच्या पहिल्या आठवड्यातच कळतं, त्यामुळे फार आश्चर्य वाटत नाही. (हे वाक्य छापून आलं, तर संपादकांचे आभार.)

खेड्यातून पत्रकारिता होत नाही, असंही म्हणायची सोय नाही. मुकुंदराव पाटलांनी 1910 मध्ये ‘दीनमित्र’ आपल्याच जिल्ह्यातल्या सोमठाण्यातून सुरू केलं आणि पुढे नेवासा तालुक्यातल्या तरवडीतून कित्येक दशकं चालवलं. सत्यशोधक विचारांचं, शेतकऱ्याच्या बाजूचं पत्र, तेही खेड्यात छापलेलं! आज आपल्या खिशात त्या छापखान्यापेक्षा मोठं यंत्र आहे आणि आपण त्यावर रील बघतो. मीही बघते.

2011 चं आंदोलन तुम्हाला अंधुक आठवत असेल. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे दिल्लीत उपोषणाला बसले आणि चॅनेल्स दिवसरात्र तिथेच. लोकपाल कायदा 2013 च्या डिसेंबरमध्ये संसदेत मंजूर झाला. पहिले लोकपाल मात्र नेमले गेले मार्च 2019 मध्ये. मधली पाच वर्षं ओबी व्हॅन कुठे होत्या? कायदा मंजूर होणं ही बातमी असते. तो राबवला न जाणं ही मात्र रोजची कंटाळवाणी गोष्ट, तिला टीआरपी नाही.

माहितीच्या अधिकाराचं थोडं वेगळं झालं. त्यासाठीही अण्णांनी उपोषणं केली, महाराष्ट्राचा कायदा आधी आला आणि 12 ऑक्टोबर 2005 पासून देशाचा लागू झाला. म्हणजे तो जवळपास तुमच्याच वयाचा आहे. तो चालला, कारण वापरायला कॅमेरा लागत नाही. 10 रुपये शुल्क, साधा अर्ज, 30 दिवसांत उत्तर. अर्जही नको असेल तर वित्त आयोगाचा निधी तुमच्या ग्रामपंचायतीने कशावर खर्च केला, ते ‘ई-ग्रामस्वराज’वर मोबाइलवरही दिसतं. मी काही गावांचं बघितलं. वाचायला किचकट आहे, पण इकॉनॉमिक्सच्या पेपरपेक्षा नक्कीच सोपं.

आणि एक बारीक नियम लक्षात ठेवा. ग्रामसभेच्या कोरमसाठी गावातले 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातलं जे कमी असेल तेवढे लागतात. तेवढे आले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अटच नाही. मग पाच-दहा जण बसून ठराव मंजूर करतात, तेही पूर्ण कायदेशीरपणे. तुमचं वय 18 झालंय, नाव मतदार यादीत आहे, तर त्या 100 मध्ये तुम्हीही मोजले जाता. पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा जमाखर्च वाचून दाखवायला सांगा, आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याने ‘नंतर देतो’ म्हटलं तर तारीख विचारून घ्या.