केसपेपर फुकट झाला, औषधाचे काय?

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या २,४१८ संस्थांमध्ये, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपर, तपासण्या आणि उपचार निःशुल्क झाले. आम्ही या निर्णयाचे स्वागतच करतो. पण एक आक्षेप अजून ऐकू येतो, आणि खेद याचा की आपल्यातली शिकलेली, नोकरदार मंडळीही तो घेतात: "फुकटाची किंमत राहत नाही, उगाच गर्दी होते. पाच-दहा रुपये कोणाला जड आहेत?"

जड आहेत. केनियात मायकेल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल यांनी जंताच्या औषधाचा अभ्यास केला. मोफत औषध देणाऱ्या शाळांत ७५ टक्के मुलांनी ते घेतले. पालकांकडून थोडेसे शुल्क घेणाऱ्या शाळांत फक्त १८ टक्के. शुल्काने उगाच येणारे गळत नाहीत, गरीब गळतात. रक्तदाब दुखत नाही. मोलकरीण आई तपासणी पुढच्या महिन्यावर ढकलते, आणि मग एक दिवस थेट लकवा होऊनच दवाखान्यात पोहोचते. शिवाय त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच.

मात्र शुल्क उठवले म्हणजे काम झाले, असे सरकारने समजू नये. युगांडाने २००१ मध्ये सरकारी केंद्रांतील शुल्क रद्द केले. गरीब रुग्ण मोठ्या संख्येने येऊ लागले, पण आजारपणाच्या खर्चाने मोडणारी गरीब घरे कमी झाली नाहीत. केंद्रांत औषधे वारंवार संपत आणि लोक खासगी दुकानांकडे वळत, हे त्याचे संभाव्य कारण अभ्यासकांनी दिले. आपल्याकडे 'बाहेरून आणा' म्हणून हातात पडणारी चिठ्ठी कोणाला नवी आहे?

दुसरे असे की हा निर्णय महापालिकांच्या दवाखान्यांसाठी नाही आणि वैद्यकीय शिक्षण विभागाच्या रुग्णालयांसाठीही नाही. शहरातल्या आपल्या वस्त्या नेमक्या तिथेच रांगेत उभ्या असतात.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी हा भार मुख्यतः सरकारने उचलावा, लोकांच्या कल्याणाची काळजी हे सरकारचेच काम आहे, अशी भूमिका मांडली होती. त्याच हक्काने रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीत वस्तीतल्या लोकांनी एवढेच विचारावे: रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या या महिन्यात किती दिवस शिल्लक नव्हत्या? साठ्याची नोंदवही दाखवा.