परसातले पाचशे मीटर

जत्रेत फुगे फोडायची बंदूक आपल्यापैकी बहुतेकांनी एकदा तरी खांद्याला लावली असेल. समोरचा फुगाही चुकतो आणि आपण दोष देतो बंदुकीला! वाचकहो, आज अशाच छर्ऱ्याच्या बंदुकीने खेळल्या जाणाऱ्या एका खेळाची ओळख करून घेऊ.

लोखंडी जनावरांवर नेम धरण्याचा हा खेळ मूळ मेक्सिकोचा. पूर्वी तेथे जिवंत कोंबड्या-मेंढ्यांवर नेम धरीत, असे सांगतात. पुढे त्यांच्या जागी लोखंडी आकृत्या आल्या, हे उत्तमच झाले. मोठ्या रायफलच्या खेळात कोंबडी २०० मीटरवर, डुक्कर ३०० वर, टर्की पक्षी ३८५ वर आणि मेंढा ५०० मीटरवर असतो. नेम उभ्यानेच धरायचा, बंदुकीला टेकू द्यायचा नाही. आकृतीला नुसता स्पर्श होऊन भागत नाही, ती खाली पडली पाहिजे.

पण पाचशे मीटरचे मैदान कोणाच्या घरी असणार? म्हणून अमेरिकेत याची छोटी आवृत्ती निघाली. आकृत्या दहाव्या हिश्शाच्या, अंतरे २०, ३०, ३६ आणि ४५ यार्ड. म्हणजे मेंढा सुमारे ४१ मीटरवर. मोठे परसदार असले की झाले!

मग खेळ सोपा झाला काय? मुळीच नाही. अंतर आणि आकार जवळपास एकाच प्रमाणात घटले, की डोळ्याला मेंढा जवळजवळ तेवढाच दिसतो. हाताचा कंपही तेवढाच नडतो. शिवाय गुरुत्वाकर्षण काही दहा पटीने कमी होत नाही. छर्ऱ्याचा सरासरी वेग सेकंदाला १६० मीटर धरा. कोंबडीपर्यंत तो सुमारे ६ सेंटिमीटर खाली येतो, मेंढ्यापर्यंत ३२ सेंटिमीटर, म्हणजे फूटभर! छर्रा हलका असल्याने वाऱ्याची झुळूकही त्याला बाजूला नेते. प्रत्येक अंतराला किती वर धरायचे, हे वहीत मांडून शिकावे लागते. गणित आणि संयम यांची ही शाळाच आहे.

आता पालकांसाठी दोन शब्द. ही बंदूक खेळणे नव्हे. तिचा छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो. लोखंडावर आपटून तो उलटही येतो. म्हणून चष्मा हवा, लक्ष्यामागे मातीचा भक्कम ढीग हवा, शेजारी जाणते माणूस हवे. छर्रे शिशाचे असतात, खेळ संपल्यावर हात साबणाने धुवावेत. आणि आपल्या दाट वस्तीत, जिथे भिंतीला भिंत लागून घरे आहेत, गल्लीत पोरे खेळतात, तिथे हा प्रयोग कदापि करू नये. मुलाला गोडी असेल तर त्याला रायफल क्लबमध्ये न्यावे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचे कांस्यपदक मिळवले, ते रीतसर शिकूनच.

चुकलेला नेम पुन्हा धरता येतो. सुटलेला छर्रा मात्र परत बोलावता येत नाही. मुलांना पहिला धडा हाच द्यावा.